बंद दाराआड वाईट बातमी: सांगायची की लपवायची?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

एप्रिल आला की आमच्या घरात एक वाद हमखास निघतो. या वर्षीही निघाला, म्हणून इथे मांडतोय.

२०२१ चा एप्रिल, दुसरी लाट. आई पॉझिटिव्ह आली. एचआरसीटी (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर २५ पैकी ७, ऑक्सिजन ९६, त्यामुळे डॉक्टर म्हणाले घरीच ठेवा, चौदा दिवस वेगळं. मागची खोली तिला दिली, संडास-बाथरूम त्याच बाजूला होतं. दाराबाहेर प्लास्टिकचं स्टूल. त्यावर ताट ठेवायचं, दार वाजवायचं आणि चार पावलं मागं सरायचं. ऑक्सिमीटरचा आकडा ती आतून ओरडून सांगायची, मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचो.

तिच्या चौथ्या दिवशी, १० तारखेला, कोल्हापुरात काका गेले. बेड मिळेपर्यंतच दोन दिवस गेले होते. काका म्हणजे आईचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा ते सहावीत होते, त्यांचे शाळेचे डबे तिनेच भरलेले.

बाबांनी आणि मी स्वयंपाकघरात उभं राहून, नळ सोडून ठेवून कुजबुजत ठरवलं की आईला सांगायचं नाही. वायफायचा पासवर्ड बदलला आणि "लाइन गेलीय, माणूस यायला तयार नाही" असं सांगितलं. १३ तारखेला पाडवा. सुतकात गुढी कसली उभारणार? पण तिच्या खिडकीतून समोरच्यांची गुढी दिसत होती. तिने विचारलं, आपली का नाही? बाबा बोलून गेले, "काठी मिळाली नाही, बाजार बंद आहे." आमची काठी गेली वीस वर्षं जिन्याखाली असते. आई पुढं काही बोलली नाही.

१८ तारखेला रविवारी ताईने लांबून तिच्या फोनला डेटाचा रिचार्ज मारला. तिला बिचारीला आमचा वायफायचा उद्योग माहीत नव्हता. कुणीतरी स्टेटसला कार्ड ठेवलं होतं: काकांचा फोटो, दोन बाजूंना समया, 'दशक्रिया विधी सोमवार दि. १९ एप्रिल'. आतून दार वाजलं. तोवर दार नेहमी आम्ही बाहेरून वाजवायचो.

माझं मत: आम्ही चुकलो. त्या दिवसापासून ती आमच्या कशावरच विश्वास ठेवेना. "डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्याच तोंडून ऐकव," म्हणायची. एकटं पडलेल्या माणसाला बाहेरच्या जगाशी जोडणारा एकच धागा असतो, घरच्यांचा शब्द. तोच आम्ही तोडला. तुमचं काय मत?

रात्रपाळी

असहमत, आणि जरा स्पष्टच लिहिते.

मी स्टाफ नर्स आहे. त्या एप्रिलमध्ये कोविड वॉर्डात होते. तुमच्या आईंचा ऑक्सिजन ९६ होता. माझ्यासमोरच्या खाटांवर मास्क लावूनही ८८-९० वाले होते. असा पेशंट रडायला लागला की पहिल्यांदा मास्क ओढून काढतो. बघता बघता आकडा सत्तरात. मग धरून परत पालथं झोपवायचं, पाठीवर हात ठेवून "हळू, हळू" म्हणत बसायचं, आणि तेवढ्यात पलीकडची घंटा वाजते. एका मावशींचे यजमान पुरुषांच्या वॉर्डात गेले. त्या रोज विचारायच्या. मी आठ दिवस सांगत होते, "झोपलेत, आत्ताच बघून आले." पाप लागायचं असेल तर लागो. मावशी चालत घरी गेल्या.

दुसरं असं की पीपीईमध्ये माझं तोंडच दिसत नव्हतं. छातीवर मार्करने नाव लिहिलेलं आणि वर धुरकटलेला चष्मा. अशा माणसाकडून कुणी असली बातमी ऐकावी?

२१ एप्रिलला नाशिकच्या रुग्णालयातली ऑक्सिजन गळती झाली, वीसहून जास्त पेशंट गेले. दोन दिवसांनी विरारला आयसीयूत आग लागली. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डातला टीव्ही "केबल गेलीय" म्हणून बंद होता. तो मीच बंद केला होता.

हिंजवडीचा_एकटा

धागाकर्त्याशी सहमत. २०२० चा लॉकडाऊन, तीन जणांचा फ्लॅट. दोघं जनता कर्फ्यूच्या आधीच गावी सटकले, मी म्हटलं दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. हा हा. डबेवाल्या काकू डबा दाराच्या कडीला अडकवून जायच्या. कधीकधी मी दाराला कान लावून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकायचो, कारण दिवसभरात तेवढाच एक माणूस.

आई लातूरहून रोज फोनवर "सगळं मजेत" म्हणायची. जूनमध्ये घरी पोचलो तेव्हा कळलं की मेमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती. मला काळजी नको म्हणून सांगितलं नाही म्हणे! त्या दोन महिन्यांत मला आजाराची भीती फार नव्हती. फोन ठेवला की वाटायचं, हे लोक मला नाटक करून दाखवतायत. ती भीती मला अजून आहे. आई आजही "सगळं मजेत" म्हणाली की मी बहिणीला फोन करून खातरजमा करतो.

सातासमुद्रापार

माझं उलट झालं, म्हणून उलटं मत.

न्यू जर्सीत एकटी राहते. २०२० च्या मार्च अखेरीपासून भारतात जायची नेहमीची विमानं बंद. मे महिन्यात पहाटे तीनला भावाचा फोन आला, "बाबा गेले." त्याचं काही चुकलं असं नाही, त्याने लगेच आणि खरं सांगितलं. अंत्यविधीला वीसच माणसं चालत होती, एकविसावी मी व्हिडिओ कॉलवर. कुणीतरी फोन धरला होता, त्याचा हात हलत होता, मला निम्मा वेळ आभाळच दिसलं. मग त्याने कॉल बंद केला आणि मी उरले. खोलीत फ्रिजचा आवाज. सकाळी नऊला ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा लावून बसले, कारण दुसरं काय करायचं तेच कळेना.

शेजारच्या गल्लीत मैत्रीण होती. आधी तिला कळवून, ती माझ्या दाराशी पोचल्यावर, भले मास्क लावून सहा फुटांवरून, मला सांगितलं असतं तर? चार तास उशिरा कळलं असतं. मला चाललं असतं. खरं सांगा, पण समोर कुणी असेल तेव्हा. आणि कुणी असणारच नसेल, तर थांबा.

कृष्णाकाठ

@सातासमुद्रापार, तुमचा अनुभव वाचून गप्प झालो. पण आमच्याकडे दार होतं हो. दाराच्या अलीकडे आम्ही दोघं होतो. जमिनीवर बसून, दाराला पाठ टेकून बोलता आलं असतं. पुढं तसंच बसलो की आम्ही, १८ तारखेच्या रात्री. ती आतून, मी बाहेरून. आठ दिवस आधी तसं बसायला काय हरकत होती?

@रात्रपाळी, वॉर्डाचं मला मान्य. मी घराबद्दल बोलतोय.

पेठकर

पुण्यातली प्लेगची साथ आठवा. १८९७ साली सोल्जर घरात घुसून तपासणी करत, संशयिताला सेग्रिगेशन कॅम्पात हलवत. आत काय चाललंय ते घरच्यांना कळत नसे, म्हणून इस्पितळात मुद्दाम मारतात अशा अफवा. लोक आजारी माणसाला माळ्यावर दडवायला लागले. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजाऱ्यांना स्वतः दवाखान्यात आणत होत्या, त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. माहिती दाबली की भीती वाढते. धागाकर्ते बरोबर आहेत.

तिरकस

पेठकरांनी १८९७ काढलं, म्हणजे आता हा धागा शतकी.

पण पेठकर, सरकारने लपवणं आणि नवऱ्याने बायकोपासून लपवणं एका तागडीत घालू नका. सरकार स्वतःला वाचवायला लपवतं. नवरा... बरं, तोही स्वतःलाच वाचवतो म्हणा. आमच्या घरी आजी क्वारंटाइन असताना तिची बहीण गेली. "आजीला झेपणार नाही" असं सगळ्यात जोरात कोण म्हणत होतं? ज्याला सांगायला जावं लागणार होतं तो माझा मामा. आजीने आयुष्यात सहा मयतं बघितली होती. मामाने एक.

रात्रपाळी

@तिरकस, वाक्य छान आहे, पण सगळ्यांना लागू करू नका. मला सांगायला भीती वाटत नव्हती. त्या महिन्यात इतक्यांना फोनवर सांगितलं की पुढं आवाजही कापत नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटायची.

आबा१९४७

मी उशिरा आलो, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे बाहेरचे बोलताय. मी आतला. सांगली जिल्ह्यातलं आमच्या गावाजवळचं कोविड सेंटर, शाळेत खाटा टाकलेल्या. चौथी 'ब' चा वर्ग. फळ्यावर भागाकाराचं गणित अर्धं सोडवलेलं होतं, शाळा बंद झाल्यापासून कुणी पुसलंच नसावं. मी पडल्यापडल्या ते रोज पुरं करायचो. बाकी तीन उरायची.

माझ्या डाव्या हाताच्या खाटेवर साखर कारखान्यातले एक गृहस्थ होते. भारी बोलके. त्यांना एका रात्री नेलं. सकाळी गादी उभी करून भिंतीला लावलेली. मी सिस्टरांना विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं नव्हतं असं नाही, पण कुणी तोंडाने म्हटलं नव्हतं तोवर मला त्यांच्याशी मनातल्या मनात बोलता येत होतं. मला नको होतं सांगायला. कुणी आजाऱ्याला एकदा विचारून तर बघा, तुला किती कळायला हवंय? इथं सहा जण बोलले, पेशंटला विचारलं असतं असं कुणी म्हणालं नाही.

आणि कृष्णाकाठ, उशिरा कळण्याची आपल्याकडे सोय होती बरं. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेल्या दिवसांचं सुतक, त्यानंतर कळलं तर तीन दिवसांचं. पत्रं हळू चालायची ना. माझ्या लहानपणी तसलं कार्ड आलं की वडील उंबऱ्याबाहेरच वाचायचे आणि फाडून टाकायचे. मग बाहेरच थोडा वेळ उभे. आईला कळायचंच, पण तेवढा वेळ तिला मिळायचा. तुझ्या वडिलांनी काठीचं सांगितलं तेव्हा तुझ्या आईला तसाच वेळ मिळाला असेल.

हिंजवडीचा_एकटा

आबा, दंडवत. पण विचारणार कसं? "तुला किती कळायला हवंय" असं विचारलं की काहीतरी झालंय हे कळलंच ना.

आबा१९४७

कळू दे की. पुढचं दार त्याने उघडायचं. तू फक्त कडी काढून ठेवायची.

कृष्णाकाठ

आबा, तुमचं वाचून आज दुपारी आईला थेट विचारलं. इतकी वर्षं आम्ही बापलेकच भांडतोय, तिला कधी विचारलंच नव्हतं. ती भाजी निवडत होती. (मेथी. तिच्यापुढे मेथी असली की खरं उत्तर मिळतं.)

काठीचं ऐकून तिला शंका आली होती. पण तिला वाटलं, बाबा पॉझिटिव्ह आलेत आणि आम्ही ते लपवतोय. म्हणजे ज्या भीतीपासून तिला वाचवायचं म्हणून आमचा खटाटोप, त्याहून मोठी भीती घेऊन ती पाच रात्री आत बसली होती. बाबा खोकले की मोजायची म्हणाली. @रात्रपाळी, @आबा, तिला वेळ मिळाला तो असा.

मी म्हटलं, म्हणजे आम्ही सांगायला हवं होतं? तर म्हणाली, "काय माहीत. ताप होता मला तेव्हा." आणि गप्प झाली. मला वाटलं विषय संपला. पाच-सात मिनिटांनी, मेथीचे देठ गोळा करताना म्हणाली, "पण श्रीखंड पाठवायला नको होतंस."

धाग्यात मी हे लिहिलं नव्हतं. पाडव्याला तिला संशय येऊ नये म्हणून मी डेअरीतून पाव किलो आम्रखंड आणून ताटात वाढलं होतं. स्टूलवर ठेवलं, दार वाजवलं आणि मागं सरलो. तोंडाला चव नसताना माझं मन मोडू नये म्हणून तिने ते सगळं खाल्लं, वाटी चाटूनपुसून. दीर जाऊन तिसरा दिवस होता.

तिरकस

...

रात्रपाळी

कृष्णाकाठ, आईंना नमस्कार सांगा. माझं मत तेच आहे, वॉर्डात मी परत "झोपलेत" असंच सांगेन. पण त्या मावशींचा नंबर अजून माझ्याकडे आहे. दिवाळीला त्यांचा मेसेज येतो. त्या आठ दिवसांबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. आता काढावा का, विचार करतेय.

आबा१९४७

काढा. मेथी निवडताना.