सेड अडला म्हणजे तुम्हालाच येत नाही?

मुलुंड_चेकनाका
कालच्या धाग्यात एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, "शेल स्क्रिप्ट एकदा नीट लिहिली की कुठल्याही युनिक्सवर चालते. मॅकवर अडली तर जीएनयू सेड टाका, विषय संपला." तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं. नवख्यांसाठी: शेल स्क्रिप्ट म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांडांची फाइल, सेड म्हणजे मजकूर शोधून बदलणारी कमांड, आणि जीएनयू सेड म्हणजे तिची लिनक्सवरची आवृत्ती.

आमच्या सोसायटीची बिलं मी काढतो. फुकट. स्क्रिप्ट लिहिली ऑफिसच्या लिनक्सवर, चालवतात सेक्रेटरीकाका, त्यांच्या मॅकबुकवर. मी लिहिलं होतं सेड, डॅश-आय (त्याच फाइलीत बदल कर), मग डॅश-ई (पुढे बदलाचा हुकूम). लिनक्सवर डॅश-आयला पुढे काही लागत नाही. मॅकच्या सेडला, म्हणजे बीएसडी आवृत्तीला, बॅकअप फाइलीच्या नावाला जोडायचं शेपूट लागतंच, निदान रिकामी अवतरणचिन्हं तरी. त्याने माझ्या डॅश-ईलाच शेपूट मानलं आणि प्रत्येक फाइलची, नावाला '-ई' चिकटवून, प्रत ठेवली. एरर नाही, काही नाही. पुढच्या महिन्यात 'सगळ्या फाइली घे' म्हणणाऱ्या स्टारने (*) त्या प्रतीही उचलल्या आणि काकांनी अख्खं फोल्डर प्रिंटला दिलं. घरटी तीन-तीन बिलं! काकांचा फोन: "अरे, आपल्याकडे विंगा तीनच. ही 'सी-ई-ई' कुठून आली?"

पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्या सामाईक नियमांत, डॅश-आय नाहीच. नव्या फाइलीत लिहा, मग एमव्ही करून ती जुन्या नावावर सरकवा. आणि काकांच्या मशीनवर मी काय म्हणून काहीबाही टाकू?

फुकट_सल्लागार
ते सद्गृहस्थ मीच. "नीट लिहिली की" हे शब्द वाचलेत का? पॉझिक्समध्ये नसलेलं तुम्ही वापरलंत आणि बोल मला? मॅन पान, म्हणजे कमांडचं माहितीपत्रक, उघडायला पैसे पडत नाहीत.

मुलुंड_चेकनाका
मॅन पान लिनक्सचं वाचलं होतं, साहेब. तोच तर मुद्दा आहे.

जुना_एआयएक्सवाला
तुमचं मॅक-लिनक्स भांडण गोड आहे. आम्ही एआयएक्स आणि सोलारिस या सर्व्हरांवरच्या युनिक्सवर दिवस काढले. तिथल्या सेडला तेव्हा डॅश-आय ठाऊकच नव्हतं. सोलारिस १० वर नुसतं ऑक (ओळींतून हवा तो मजकूर काढायची कमांड) म्हटलं की पुराणकाळातलं ऑक उठून यायचं. नॉक, म्हणजे नवं ऑक, म्हणा, नाहीतर एक्सपीजी४ च्या फोल्डरातलं घ्या. क्लायंटच्या डेटा सेंटरात मोबाइलसुद्धा बाहेर ठेवायचा. मॅकवर जीएनयू सेड उतरवायचं तुमचं ब्रू? तिथे ब्रू फक्त कॉफीची.

गिरगाव_चाळ_नं_३
सेड-बिड सोडा. मराठी मजकूर घालून बघा एकदा. "महाराष्ट्र" या शब्दाची लांबी उबुंटू लिनक्सच्या ऑकला, म्हणजे मॉकला, विचारा, ३० सांगेल. तो बाइट मोजतो, एकेका चिन्हाचे तीन. यूटीएफ-८ लोकेलमधला, म्हणजे चिन्हं ओळखायची सेटिंग असलेला, जीएनयूचा गॉक १० सांगेल. आमची आजी ४ सांगायची. मी नावं २० वर छाटली होती. सहा चिन्हं अख्खी आली आणि सातव्याचे दोन बाइट, म्हणजे शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकोन. लेबलं छापून झाल्यावर कळलं.

फुकट_सल्लागार
म्हणून डेटा इंग्रजीत ठेवावा. निदान आकडे तरी.

गिरगाव_चाळ_नं_३
वा! टूल गंडलं की भाषेनेच माघार घ्यायची? दुकानाच्या पाट्यांवर हेच ऐकलं, आता टर्मिनलवरही ऐकायचं? आणि ज्या जीएनयूची आरती चाललीय, त्याच्या टीआरला (एका चिन्हाजागी दुसरं घालणारी कमांड) देवनागरी आकडे इंग्रजी करायला सांगा. तो बाइट-बाइट बघतो, एकेका आकड्याचे तीन बाइट, हाती कचरा. मॅकचा टीआर मात्र बरोबर करतो. घ्या.

फुकट_सल्लागार
तेच काम करणारा सेडचा वाय वापरा, दोन्हीकडे चालतो. पाट्यांचं राजकारण इथे नको.

जुना_एआयएक्सवाला
वाय चालतो, पण लोकेल यूटीएफ-८ असेल तरच. माझा टर्मिनलवर छान चालायचा आणि रात्री २ च्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात, मरायचा. म्हणे दोन्ही स्ट्रिंगांची लांबी वेगळी. क्रॉनला लँग, म्हणजे लोकेलची सेटिंग, मिळतच नव्हतं, सगळे बाइट मोजले जात होते. स्क्रिप्टच्या डोक्यावर लोकेल ठरवणारं एलसी_ऑल लिहिलं तेव्हा झोप लागली. शेवटची कर्जत चुकली ती चुकलीच.

मुलुंड_चेकनाका
धाग्याचा विषय सेड होता, आठवण म्हणून. पण आता निघालंच आहे तर "कुऱ्हाडे" ग्रेप करून, म्हणजे फाइलींत शोधून, दाखवा. तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलंत. दुसरा, साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. डोळ्यांना एकच, ग्रेपला दोन. आमच्या कुऱ्हाडे काकूंना दोन महिने बिलच गेलं नाही. त्यांनीही तक्रार केली नाही, हे वेगळं.

गिरगाव_चाळ_नं_३
काकू हुशार. त्यांना कमिटीत घ्या.

फुकट_सल्लागार
हा आडव्या र चा प्रकार माहीत नव्हता. बरं, माझ्या वाक्यातलं "कुठल्याही" काढून "बऱ्याच" करतो. आणि हो, हा "बऱ्याच" कुठल्या र ने टाइप झालाय ते विचारू नका. झालं समाधान?

मुलुंड_चेकनाका
अर्धं. काकांनी काल परत चालवलं, सी-ई-ई-ई आलीय. रविवारी जाऊन पुसतो.