बुकमार्क ब्राउझरच्या सिंकवर सोडायचे की स्वतःच्या ताब्यात ठेवायचे?

सरळसोट (धागालेखक)
घरचा पीसी, ऑफिसचा पीसी आणि लॅपटॉप, तिन्हीकडे बुकमार्क सारखे हवेत. माझं मत: सगळीकडे एकच ब्राउझर ठेवा, त्याचं अंगभूत सिंक चालू करा, विषय संपला. फायरफॉक्स असेल तर उत्तमच. तुमच्या पासवर्डवर आधारलेल्या किल्लीने सगळं आधी यंत्रावरच एन्क्रिप्ट होतं, सर्व्हरला आतलं काही दिसत नाही. क्रोममध्ये तेवढी खात्री हवी तर सिंकचा पासफ्रेज वेगळा लावावा लागतो. बुकमार्कसाठी डॉकर (सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायचं साधन) आणि स्वतःचा सर्व्हर म्हणजे नस्ती उठाठेव. असहमत असाल तर कारण द्या, नुसतं 'प्रायव्हसी' म्हणू नका.

उलटतपासणी
कारण प्रायव्हसी नाहीच. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे आहे. ऑफिसात एक फोल्डर चुकून डिलीट झाला की सिंक इमानेइतबारे तो घरूनही उडवतं. क्रोममध्ये लगेच लक्षात आलं तर बुकमार्क मॅनेजरमध्ये कंट्रोल-झेड चालतं. नंतर हाताशी उरते ती प्रोफाइल फोल्डरमधली (ब्राउझर तुमचा डेटा ठेवतो तो फोल्डर) 'बुकमार्क्स.बॅक' ही एकुलती एक फाइल. ब्राउझर सुरू केल्यावर बुकमार्कमध्ये पहिला बदल झाला की तिच्यावर नवी प्रत चढते. म्हणजे चूक उशिरा कळली तर तीही गेली. आणि तुमच्या त्या किल्लीचं दुसरं टोक: फायरफॉक्सचा पासवर्ड विसरून रीसेट केला आणि रिकव्हरी की आधी काढून ठेवली नसेल, तर सर्व्हरवरची प्रत वाचता येत नाही, ती जाते.

सरळसोट
रीसेटचं मान्य, पण यंत्रावरची प्रत शाबूत असते, ती पुन्हा चढवता येते. डिलीटचं म्हणाल तर फायरफॉक्स स्वतःहून बॅकअप घेतो. प्रोफाइलमध्ये 'बुकमार्कबॅकअप्स' फोल्डर बघा, शेवटच्या १५ फाइली असतात. कंट्रोल-शिफ्ट-ओ, मग इम्पोर्ट अँड बॅकअप, मग रीस्टोर, तारीख निवडा. रीस्टोर आधीचं सगळं पुसून त्या दिवसाचं आणतो आणि सिंक चालू असेल तर बाकीच्या यंत्रांवरही तेच जातं. लोक गडबडतात ते एचटीएमएल फाइल इम्पोर्ट करून. ती काही पुसत नाही, भर घालते, मग सगळं दुप्पट.

वेबडॅव्हवाला
'सगळीकडे एकच ब्राउझर' हे गृहीतकच कच्चं आहे. ऑफिसात एज लादलेला, घरी फायरफॉक्स. बरेच जण याच खिचडीत आहेत. क्रोमियमच्या (क्रोम ज्यावर बेतलाय तो मुक्तस्रोत ब्राउझर) निव्वळ बिल्डवर तर मार्च २०२१ पासून गूगलचं सिंक बंदच आहे. अशा वेळी फ्लॉकस हे बुकमार्क जुळवणारं एक्स्टेन्शन. नेक्स्टक्लाउड (स्वतः चालवता येणारा क्लाउड) किंवा कुठल्याही वेबडॅव्हवर (नेटवरून फाइली ठेवू देणारा सर्व्हर) एक फाइल ठेवतं आणि प्रत्येक ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन तिच्याशी जुळवून घेतं. एकच पथ्य: ब्राउझरचं सिंक चालू असेल तर त्यातून बुकमार्क वगळा. दोन्ही एकदम चालले की एकाच फोल्डरमध्ये दोघं हात घालतात आणि डुप्लिकेट पिकतात. फायरफॉक्सचे टॅग मात्र क्रोम-एजला कळत नाहीत, वर्गवारी फोल्डरनेच करा.

सरळसोट
तिसऱ्यावर विसंबायचं? बुकमार्क सिंक करणारं एक्समार्क्स १ मे २०१८ ला गुंडाळलं, लिंक साठवणारं पॉकेट ८ जुलै २०२५ ला.

वेबडॅव्हवाला
ते दोन्ही कंपन्यांच्या सर्व्हरवर होते. इथे एक्स्टेन्शन उद्या मेलं तरी फाइल माझ्याच डिस्कवर आहे, आणि फाइलचा प्रकार एचटीएमएल निवडला असेल तर कुठलाही ब्राउझर ती इम्पोर्ट करतो.

काटकसरी
एवढं कशाला? फायरफॉक्स बुकमार्क ठेवतो ती प्लेसेस.एसक्यूलाइट फाइलच सिंकथिंगने (यंत्रांमध्ये फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्रॅम) फिरवली तर?

उलटतपासणी
अजिबात नको. चालू ब्राउझरमधले ताजे बदल शेजारच्या '-वॉल' फाइलमध्ये असतात, मुख्य फाइलमध्ये नंतर मिसळतात. अर्धवट जोडी दुसरीकडे पोचली की डेटाबेस खराब. शिवाय त्याच फाइलमध्ये हिस्टरीही असते, म्हणजे दोन यंत्रांवर ब्राउझर उघडे असले की कॉन्फ्लिक्टची प्रत ठरलेली. फुकटात हवं असेल तर महिन्यातून एकदा एचटीएमएल एक्स्पोर्ट करून, तारखेच्या नावाने, पेनड्राइव्हवर. सरळसोटांचं सिंक असो की फ्लॉकस, ही फाइल दोघांनाही लागणारच.

सरळसोट
फाइल ठेवेन, सर्व्हर नाही.