मदत हवी आहे: गांजा सोडून 9 दिवस झाले, धडधड थांबत नाही

मंडळी, 'मित्रासाठी' वगैरे नाही, स्वतःसाठीच विचारतोय. वय 27, सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी. तीन वर्षं रोज पाळी सुटली की गांजा, तंबाखूत मिसळून. आधी डोकं शांत व्हायचं. वर्षभरात उलटंच झालं: दोन झुरक्यांत छातीत धडधड, मागून कुणीतरी येतंय असं वाटायचं.

मग एकदम बंद केला. आता झोप जेमतेम तीन तास, चादर घामानं ओली, कडक भाकरी-शेंगाचटणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. ईसीजी, थायरॉईड, साखर नॉर्मल. दारू नाही, कुठली गोळी चालू नाही, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार नाहीत. चहा सोडून पाहिला, फरक शून्य. 14416 वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) फोन केला. पहिला आठवडा जड जातो, दोनेक आठवड्यांत उतार पडतो, तरी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाले. दाखवणार आहे, पण घरी ठाऊक नाही.

('त्यापेक्षा भांग घे' सांगू नका, झाड तेच.)

ज्यांनी सोडलाय त्यांनी सांगा: ही धडधड गांजा सुटल्याची की चिंता मुळातलीच, हे तुम्हाला किती दिवसांनी उमगलं? आणि डॉक्टरांना गांजाचं खरं सांगितलं तर पोलिसांपर्यंत जातं का?