होस्टेलच्या प्रॉक्सीवर क्रोम चालतं, पण गिट आणि पिप अडकतात

प्रश्न
विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. होस्टेलच्या वायफायवर नेट फक्त प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमार्फत) मिळतं: पत्ता १०.१०.०.५, पोर्ट ३१२८, शिवाय युजरनेम-पासवर्ड. सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेट > प्रॉक्सी > मॅन्युअल इथे पत्ता आणि पोर्ट भरलाय. क्रोम पासवर्ड विचारतं आणि साइट उघडतात. पण गिटने (कोड सांभाळायचं टूल) क्लोन करताना टाइमआउट होतं, पिप (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं टूल) ४०७ एरर देतं आणि पिंगला काहीच उत्तर येत नाही. घरच्या वायफायवर तर क्रोमही बंद, 'प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड'. पासवर्डमध्ये @ आहे, त्याचा काही संबंध?

उत्तर १
आधी पिंग सोडून द्या. पिंगची आयसीएमपी पाकिटं एचटीटीपी प्रॉक्सीतून जातच नाहीत, त्यामुळे प्रॉक्सी ठणठणीत असली तरी पिंग गप्पच राहणार. वाट मोकळी आहे का ते पाहायचं तर पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन १०.१०.०.५ -पोर्ट ३१२८' चालवा. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आलं की प्रॉक्सीपर्यंत पोचताय.

तुमचे दोन एरर वेगळे आहेत कारण कारणं वेगळी आहेत. विंडोजची ती सेटिंग क्रोम आणि एज वाचतात. गिट तिकडे बघतच नाही, थेट बाहेर जायचा प्रयत्न करतं, आणि फायरवॉल ते पाकीट गुपचूप टाकून देतो. पिप मात्र ती सेटिंग रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) उचलतं, पण तिथे पासवर्डला जागाच नाही. म्हणून प्रॉक्सी ४०७ म्हणते: आधी ओळख पटवा.

दोघांवर उपाय एकच. कमांड प्रॉम्प्टमध्ये (टाइप करताना आकड्यांसकट सगळं इंग्रजीत):

सेट एचटीटीपीएस_प्रॉक्सी=एचटीटीपी://युजर:पासवर्ड@१०.१०.०.५:३१२८

एचटीटीपी_प्रॉक्सीलाही हीच किंमत द्या. डावीकडे एचटीटीपीएस असलं तरी उजवीकडची सुरुवात एचटीटीपी:// नेच. तिथे एस घातला की गिट प्रॉक्सीशीच टीएलएस (एचटीटीपीएसची सांकेतिक भाषा) बोलायला जातं, समोर साधं एचटीटीपी असतं, आणि 'राँग व्हर्जन नंबर' येतं.

आणि हो, @ चा संबंध आहे. ओळीतल्या @ नंतर सर्व्हरचा पत्ता येतो, म्हणून पासवर्डातला @ %४० असा लिहा. तसंच : साठी %३ए, # साठी %२३.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण हीच ओळ बॅच फाइलमध्ये (कमांड लिहून ठेवलेली फाइल) टाकलीत तर पुन्हा ४०७ येईल. बॅच फाइलला %४ म्हणजे चौथं आर्ग्युमेंट वाटतं. ते रिकामं असतं, मागे नुसता ० उरतो आणि पासवर्ड बदलतो. तिथे %%४० असं दुहेरी लिहा. पॉवरशेलमध्ये ओळ एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर पासवर्डातलं $ चिन्ह घोळ घालतं.

सेटएक्स (किंमत कायमची साठवणारी कमांड) वापरून हे कायमचं करू नका. पासवर्ड रजिस्ट्रीत उघडा पडून राहतो. गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये टाकलात तरी तेच. प्रॉक्सी बेसिक पद्धतीने ओळख तपासत असेल तर तारेवरही तो नुसत्या बेस६४ मध्ये जातो, म्हणजे वाचता येतोच. ईमेलचा पासवर्ड इथे अजिबात नको.

प्रश्नकर्ता
पिप चाललं! एचटीटीपीएसचा गिट क्लोनही झाला. पण एसएसएचचा (सर्व्हरशी जोडायची दुसरी पद्धत) पत्ता दिला की अजून टाइमआउट. आणि घरी गेल्यावर दर वेळी सेटिंग बदलायची का?

उत्तर ३
एसएसएच पोर्ट २२ वर जातं आणि ते वर सेटने दिलेली ही व्हेरिएबल्स वाचत नाही. प्रॉक्सीतून बळेच नेलंत तरी बहुधा ४०३ (परवानगी नाही) मिळेल: ३१२८ हे स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचं नेहमीचं पोर्ट, आणि स्क्विडच्या मूळ कॉन्फिगमध्ये कनेक्टला (प्रॉक्सीतून आरपार वाट मागणारी विनंती) फक्त ४४३ ची, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टची, परवानगी असते. होस्टेलवर एचटीटीपीएसचाच पत्ता वापरा.

घरचं दुखणं वेगळं. ती मॅन्युअल सेटिंग एका वायफायपुरती नसते, कुठलंही नेटवर्क जोडा, ती लागूच. घरी १०.१०.०.५ सापडत नाही, म्हणून क्रोम थांबतं. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारा, पॅक फाइलचा (प्रॉक्सी कधी वापरायची ते ब्राउझरला सांगणारी स्क्रिप्ट) पत्ता आहे का. असेल तर मॅन्युअल बंद करून 'यूज सेटअप स्क्रिप्ट' मध्ये तो टाका. घरी ती फाइल मिळत नाही, तेव्हा विंडोज आपोआप थेट नेटवर जातं. पहिलं पान किंचित उशिरा उघडेल, इतकंच. पॅक फाइल नसेल तर मात्र मॅन्युअलचं बटण हातानेच बंद-चालू करावं लागेल.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज > जनरलच्या अगदी तळाशी नेटवर्क सेटिंग्ज आहे. तिथे 'यूज सिस्टिम प्रॉक्सी सेटिंग्ज' निवडलेलं आहे ना, तेवढं बघून घ्या. पूर्वी कधी तिथे मॅन्युअल भरलं असेल तर विंडोजमध्ये काहीही बदला, ते जुन्याच पत्त्यावर जात राहील.