डिझेल इनोव्हा काढून इलेक्ट्रिक एसयूव्ही? तीन टेस्ट ड्राइव्ह झाल्या, अजून ठरंना

टिळकवाडीकर७२

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो, उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. घरात २०१३ ची डिझेल इनोव्हा, २ लाख ८० हजार किमी झालेत. हिनं आजपर्यंत एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही, खरं गेल्या वर्षभरात टर्बो, इंजेक्टर, मग पुढचं सस्पेन्शन असं एकामागून एक काढायला लागलीय आणि गॅरेजवाले अण्णाच म्हणाले की आता हिच्यावर पैसे घालू नका.

घरात आम्ही सहा जण. मी, बायको, दोन पोरं, बाबा आणि आई. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं गाडीत चढणं-उतरणं हा आमच्याकडं मोठा विषय आहे. रोजचं रनिंग ४० किमीच्या आसपास, महिन्यातनं दोनदा कोल्हापूर, वर्षातनं तीन-चार वेळा चोर्ल्यातनं गोव्याला कुलदेवाला, आणि थोरली पुण्याला शिकायला असल्यामुळं दर दोन महिन्यांनी पुणं, म्हणजे एका बाजूला ३४० किमी.

बजेट ५० लाखांपर्यंत ताणू शकतो. बीएमडब्ल्यू आयएक्स१ लाँग व्हीलबेस, बीवायडी सीलायन ७ आणि महिंद्रा एक्सईव्ही ९एस अशा तीन चालवून बघितल्या. आयएक्स१ साठी गोव्याला जाऊन आलो. चालवायला तिन्ही भारी, डिझेलची सवय असलेल्या माणसाला तर पहिल्या सिग्नललाच कळतं की हे काहीतरी वेगळंच आहे, आवाज नाही, गिअर नाही, पाय टेकला की गाडी निघालीच. आयएक्स१ चं स्टिअरिंग माझ्या अजून हातात आहे.

प्रश्न असा की प्रत्येक ठिकाणी टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट रस्त्यावर पाच-सहा किमी, शेजारी सेल्सचा मुलगा, एसी फुल्ल आणि मागं कुणी नाही. एका शोरूममध्ये आईला मागं बसवून न्यायचं म्हटलं तर एकच जण बरोबर घ्या म्हणाले. मग मी बाजूलाच उभ्या असलेल्या डिस्प्ले गाडीत आईला बसवलं. दार उघडून वरचं हँडल धरून बसली खरी, पण गुडघे वर आले आणि मांडी सीटला टेकेचना, सीट आणि मांडी यांच्यात माझा हात सरळ आत जात होता. पाच मिनिटांत म्हणाली, ‘‘बाळ, हे पाट मांडून बसल्यागत आहे.’’

कंपनीनं लिहिलेली रेंज ५०० च्या वर, त्यातली आपल्या हायवेला किती धरायची? घरी चार्जर बसवायला हेस्कॉमकडं (आमची वीज कंपनी) काय करायला लागतं? आणि चोर्ला घाट कुणी इलेक्ट्रिकनं रेग्युलर करतंय काय?

निपाणी_हायवे

दादा, मी दोन वर्षं ७२ युनिटच्या बॅटरीची गाडी चालवतोय, निपाणी-पुणे महिन्यातनं दोनदा, त्यामुळं रेंजचं मी सांगतो.

जाहिरातीतला आकडा सोडून द्या. आयएक्स१ ला ५३१ लिहिलंय, सीलायन ७ ला ५६७, ते टेस्टिंगच्या कमी स्पीडवरचे आकडे आहेत. तुम्ही फक्त दोन गोष्टी धरा, बॅटरी किती युनिटची (लाइट बिलातलं तेच युनिट, म्हणजे किलोवॅट-अवर) आणि एका युनिटला किती किमी. माझी ८५-९० नं गेलं की युनिटला ६ देते, ११० नं गेलं की ५ च्या खाली येते, कारण वाऱ्याचा अडथळा स्पीडच्या वर्गानं वाढतो, डिझेलला पण वाढतो खरं तिथं आपण मोजत बसत नाही. आयएक्स१ ची ६६.४ युनिटची आहे. हायवेला १०० टक्के भरून निघालात आणि १५ टक्क्यांवर थांबलात तर ५६ युनिट वापरायला मिळतात, साडेपाचनं धरलं तर ३०० च्या आसपास. म्हणजे टिळकवाडी ते पुणं एका दमात नाही, मध्ये एक थांबा लागणारच. इनोव्हानं जाताना पण आई-बाबांसाठी कराड-साताऱ्याला थांबतच असणार की, तेवढ्यात जेवण होतं आणि गाडी पण खाऊन घेते.

आता हे नीट वाचा. चार्जर कितीचा आहे ते बघून थांबा ठरवा. ६० किलोवॅटवर आणि १२० वर थांबायच्या वेळेत दुपटीचा फरक पडतो. आणि ८० टक्क्यांच्या वर फास्ट चार्जरला बसून राहू नका, तिथनं पुढं स्पीड इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या पन्नासएवढा वेळ जातो.

मला एकदाच फटका बसलाय. पावसाळ्यात रात्री साडेदहाला ११ टक्क्यांवर एका चार्जरला पोचलो, ॲपवर हिरवा दाखवत होता आणि तिथं स्क्रीन काळी, वॉचमन म्हणाला दुपारपासनं बंद आहे. पुढचा २४ किमीवर. एसी बंद करून, काच थोडी खाली करून पन्नासच्या स्पीडनं ट्रकच्या मागनं गेलो, मिसेस एक शब्द बोलली नाही त्या रस्त्यात. तेव्हापासनं २० टक्क्यांच्या खाली पुढचा चार्जर ठरवत नाही आणि ॲपमध्ये त्या मशीनवर शेवटचं चार्जिंग कधी झालंय ते बघतो. दोन तासांपूर्वी कुणीतरी केलेलं असलं तर मशीन जिवंत आहे.

कागल-सातारा रुंदीकरणाच्या डायव्हर्जनमध्ये गाडी सावकाश चालते, तिथं उलट युनिट वाचतात.

चोर्ला_नेहमीचा

मी दर पंधरा दिवसांनी बेळगाव-म्हापसा करतो, इलेक्ट्रिक घेऊन चौदा महिने झाले, चोर्ल्याचं माझ्याकडनं घ्या.

घाटाला घाबरायचं कारण नाही, हिशोब साधा आहे. बेळगाव समुद्रापासनं साधारण ७५० मीटर उंचावर. माणसं-सामान धरून गाडी अडीच हजार किलो. तेवढं वजन ७५० मीटर वर उचलायला २५०० गुणिले ९.८१ गुणिले ७५०, त्याला ३६ लाखांनी भागा (एका युनिटात ३६ लाख जूल), ५.१ युनिट येतात. मोटरमधलं नुकसान धरून सहा म्हणा. म्हणजे गोव्यातनं येताना सपाट रस्त्यापेक्षा सहा युनिट जास्त, तीस-पस्तीस किमीची रेंज गेली, बस एवढंच. आणि जाताना केरीपर्यंत उतरताना त्यातले तीनेक युनिट परत बॅटरीत येतात. डिझेलमध्ये तेवढं सगळं ब्रेक पॅडवर जळून जायचं, साखळीला पोचेपर्यंत वास यायचा.

तीन गोष्टी सांगतो. घरनं १०० टक्के भरून निघालं तर कणकुंबीपर्यंत थोडी उतरलेली असते म्हणून आपल्याला अडचण नाही, खरं कुणी चोर्ल्यात वर मुक्काम करून तिथंच फुल्ल चार्ज करून घाट उतरायला लागला तर बॅटरीत जागा नसते, मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. त्या दिवशी ९० ला थांबवा.

दुसरं, वन पेडल मोड. पाय उचलला की गाडी आवरते, चालवणाऱ्याला लई मजा येते. मागं बसणाऱ्यांना नाही. पहिल्याच महिन्यात माझी लेक बेटण्याच्या पुढच्या वळणांवर उलटी करून बेजार झाली, मला वाटलं सकाळी पोह्यांवर ताक प्यायली म्हणून. पुढच्या वेळी रिजन (पाय उचलल्यावर मोटरनं गाडी आवरून वीज बॅटरीत परत घालणं) कमी करून नेली, काही झालं नाही. टेस्ट ड्राइव्हला रिजनचे सगळे मोड बदलून बघाच आणि त्या वेळी तुम्ही मागच्या सीटवर बसा, दुसऱ्याला चालवू दे.

तिसरं, स्टेपनी विचारा. बऱ्याच गाड्यांत नुसतं पंक्चर किट असतं. जांबोटीच्या पुढं फोनला रेंज नाही, टायरची बाजू (साइडवॉल) फाटली तर किटचा काही उपयोग नाही.

आणि आईंच्या मांडीचं तुम्ही बघितलंत ते बरोबर आहे. बॅटरी फ्लोअरखाली असते म्हणून मागची फ्लोअर वर येते, छप्पर वाढवलं नाही तर सीट खालीच ठेवायला लागते. मागच्या सीटची उंची इंचटेपनं मोजून घ्या, फ्लोअरपासनं सीटच्या पुढच्या कडेपर्यंत. तुमच्या इनोव्हाची मोजा आणि तोच आकडा घेऊन शोरूमला जा.

वायरिंग_शहापूर

काका, मी इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, गेल्या दोन वर्षांत शहापूर-वडगाव-टिळकवाडी भागात बरेच चार्जर बसवलेत.

गाडी बुक करायच्या आधी लाइट बिल काढून मंजूर लोड बघा. जुन्या घरांना २-३ किलोवॅट असतो. ७.४ किलोवॅटचा चार्जर म्हणजे ३२ अँपिअर सलग सहा-सात तास, त्यात वर गिझर लागला की मेन उडणार. लोड वाढवायचा अर्ज हेस्कॉमला द्या, शक्यतो थ्री फेज करून घ्या, मग गाडी घेत असेल तर ११ चा पण चालतो. फॉर्म कन्नडमध्ये असला तर तुमचा लायसनवाला काँट्रॅक्टर भरून देतो.

घरात गृहज्योती (कर्नाटक सरकारची २०० युनिटपर्यंत फुकट विजेची योजना) चालू असली तर हे ध्यानात घ्या, २०० युनिटच्या वर गेलं की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायला लागतं. तुमचं महिन्याचं दीड हजार किमी धरलं तर गाडीच एकटी २५० युनिट खाणार. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेता येतं, त्याची चौकशी अर्जाबरोबरच करा. तरीसुद्धा हिशोब बघा, २५० युनिट सहा रुपयांनी दीड हजार रुपये. इनोव्हा ११ च्या ॲव्हरेजनं १३६ लिटर पिते, ९० नं धरलं तरी १२ हजारांच्या वर.

आणि अर्थिंग. निम्म्या तक्रारी ह्याच्याच. चार्जर लावला, लाल लाइट, गाडी घेतच नाही, लोक म्हणत्यात गाडी खराब. गाडी बरोबर असते, अर्थ सापडत नाही म्हणून ती सुरूच होत नाही. मागच्या महिन्यात एका वाड्यात अर्थिंगची तार काढली तर खाली प्लेटच शिल्लक नव्हती, गंजून हिरवी भुकटी. नवीन खड्डा मारला, मीठ-कोळसा घातला, चार बादल्या पाणी, अर्ध्या तासात चार्जर हिरवा. चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंग करा, घराच्या जुन्या अर्थिंगला जोडू नका.

खानापूरचा_बाळू

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. आमच्याकडं जंगलाच्या अंगाला पावसाळ्यात झाड पडलं की दोन-दोन दिवस लाइट येत न्हाई. गेल्या पावसात माझा भाऊजी इलेक्ट्रिक घिऊन आला, चार्जिंग १८ टक्के, लाइट गेली ती तिसऱ्या दिवशी आली, तवर गाडी गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली. त्यात घरात दवाखान्याचं माणूस आसंल तर काय करणार? टिळकवाडीत हा त्रास कमी आसंल, खरं सहा माणसांच्या घरात एकच गाडी इलेक्ट्रिक ठेवायची म्हणजे मला धाकधूक वाटती. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड बघा की एकदा, पेट्रोलवर हाय, तुमच्या घरच्यांना इनोव्हाची सवय पण हाय.

निपाणी_हायवे

बाळूदादा, खरं आहे तुमचं, खेड्यात दुसरी गाडी नसेल तर मी पण हायब्रिडच म्हणेन.

टॅक्सचं एक राहिलं. कर्नाटकात २०२४ पासनं २५ लाखांच्या वरच्या ईव्हीला १० टक्के लाइफटाइम टॅक्स आहे, आधी माफ होता. तेवढ्याच किमतीच्या डिझेलला १८ टक्के आणि त्यावर सेस, म्हणजे वीसच्या घरात. जीएसटी ईव्हीला ५ आणि मोठ्या डिझेल एसयूव्हीला ४०. २५ लाखांच्या आत बसणारी घेतली तर काय लागतं ते आरटीओत विचारून घ्या. आणि कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ करून आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, गाडी वर्षाच्या वर इकडं राहिली की नंबर बदलायला लागतो आणि टॅक्स पण इथं परत भरायला लागतो.

टिळकवाडीकर७२

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय, सगळ्यांचे मनापासनं आभार.

इनोव्हाची सीट मोजली, तोच आकडा घेऊन फिरलो. एक्सईव्ही ९एस दुसऱ्यांदा मागितली, ह्या वेळी स्पष्ट सांगितलं की रविवारी सकाळी, सहा माणसं, जांबोटीपर्यंत जाऊन यायचं, नाहीतर नको. दिली त्यांनी. मी मागं बसलो, बायकोनं चालवली, रिजनचे मोड बदलत गेलो. आईची सीट मागं सरकवून थोडी झुकवली तर मांडी टेकली, पाऊण तास बसली आणि जांबोटीत चहाला उतरताना माझा हात न धरता उतरली. पोरं तिसऱ्या रांगेत भांडत होती, म्हणजे त्यांना जागा पुरली. आयएक्स१ चालवायला अजूनही माझी आवडती, पण पाच सीटमध्ये सहा जण बसत नाहीत हे मला आधीच मान्य करायला पाहिजे होतं.

एक्सईव्ही ९एस ची ७९ युनिटवाली बुक केलीय. बाळूदादांचं मनात राहिलं म्हणून बायकोच्या ऑफिसला जायची जुनी पेट्रोल हॅचबॅक विकायची नाही असं ठरलंय. हेस्कॉमला थ्री फेजचा अर्ज सोमवारी दिला, अर्थिंगचा खड्डा मारायला माणूस उद्या येतोय.

इनोव्हा कुणाला बघायची असेल तर कळवा. टर्बो आणि इंजेक्टर नवीन आहेत, पहिल्या दिवसापासनंची सर्व्हिसची बिलं फाइलीत लावून ठेवलीत.