मदत हवी आहे: एकाच फोल्डरमध्ये बाबांना लिहिता यावं, भाच्याला फक्त बघता यावं

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. आजीचे अल्बम मी स्कॅन करतेय, नऊशेच्या वर फोटो झालेत. ते माझ्या वरच्या खोलीतल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर, घरच्या नेटवर्कवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहेत. त्यातली माणसं ओळखणारे घरात आता एकटे बाबा, वय ८१. ते खाली विंडोज १० च्या डेस्कटॉपवर फोटो मोठा करून बघतात आणि एक्सेलच्या यादीत नावं लिहायला जातात, तर फाइल ‘रीड ओन्ली’ उघडते. काल सूरसागरच्या काठावरचा एक फोटो निघाला, तळ्यात शंकराची मूर्ती नव्हती तेव्हाचा. बाबांनी सहाही बायकांची नावं घडाघडा सांगितली. सेव्ह होईना म्हणून मी ती कॅलेंडरच्या पानामागे उतरवून घेतली.

दोन्हीकडे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे. पिन नेटवर्कवरून चालत नाही, म्हणून लॅपटॉपवर बाबांसाठी पासवर्डचं वेगळं लोकल अकाउंट केलंय. शेअरिंगमध्ये ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल दिलंय. सिक्युरिटी टॅबमध्ये मात्र ‘युझर्स’समोर नुसतं रीड दिसतं. तिथे काय करू? सगळ्यांना सगळं खुलं करायची भीती वाटते. सुट्टीत सगळं खुलं होतं, तेव्हा भाच्याच्या लॅपटॉपवरून चुकून एक फोल्डर डिलीट झाला. नेटवर्कवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. बावीस फोटो पुन्हा स्कॅन करावे लागले.

उत्तर:

ताई, अडलंय ते तिथेच. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअरिंग आणि सिक्युरिटी दोन्ही लागू होतात, आणि त्यातली जी कडक तीच चालते. सिक्युरिटीत बाबांचं अकाउंट जोडून ‘मॉडिफाय’ (लिहिण्याचा आणि काढून टाकण्याचाही हक्क) द्या. नुसतं ‘राइट’ पुरणार नाही, कारण एक्सेल सेव्ह करताना तात्पुरती फाइल बनवून जुनी काढून टाकतं. भाच्याला वेगळं अकाउंट आणि फक्त रीड. मग शेअरिंगमधून ‘एव्हरीवन’ काढा, बाबांना ‘चेंज’ आणि भाच्याला ‘रीड’ द्या. त्याच्या लॅपटॉपवर बाबांचा पासवर्ड साठलेला असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) आधी तो काढा, नाहीतर तो बाबांच्याच हक्काने आत येईल. आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आजच घ्या.

धागाकर्ती:

झालं दादा, मनापासून आभार! तो पासवर्ड खरंच साठलेला होता. प्रत घेतली. सहाही नावं यादीत गेली, आणि चौथीचं माहेरचं आडनाव बाबांनी आठवून स्वतः टाइप केलं.