निळ्या रेषेत घर, आवास योजनेचं जमेल का?

वाशिष्ठीकाठचा: चिपळूणला आईचं कौलारू घर आहे, २०२१ च्या पुरात पार वाट लागली त्याची. आता प्रधानमंत्री आवासमधून नवीन बांधायचं म्हणतोय पण नदीच्या निळ्या पूररेषेत परवानगीच नाही म्हणतात, खरंय का? आणि परत पाणी भरलं तर जायचं कुठे, कायमचा निवारा वगैरे आहे का काही?

चिरेखाण: नव्या बांधकामापुरतं खरंय. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत नवीन बांधकाम नाही, पण आधीचं अधिकृत घर परत बांधायला पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीवर, अटींसह परवानगी मिळू शकते. लाल १०० वर्षांची, दोन्हींच्या मधे अटींवर मिळतं. आधी पूररेषेच्या नकाशात तुमचा सर्व्हे नंबर बघा, एजंटच्या नादी लागू नका.

मुंबईकर चुलता: स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड, राज्याचा एक, असे अडीच लाख, उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. पण खरी गोची सातबाऱ्यावर, सामायिक नावं, निम्मे भाऊबंद डोंबिवली-विरारला, संमतीपत्र आणता आणता दोन पावसाळे जातात (आमच्याकडे गेलेच).

पागनाक्यावरून: बेघरांच्या निवाऱ्याचा निकष शहरी लोकसंख्येत लाखामागे एक, चिपळूण लाखाच्या आतलं, म्हणजे त्या हिशेबात आपण नाहीच. पुरात शाळाच उघडतात. उंचावरची कुठली ते जूनच्या आधी विचारून ठेवा, आईंना रात्री हलवायला लागू नये.

वाशिष्ठीकाठचा: सर्व्हे नंबर काढतो सोमवारी. आमच्या चुलत्यांच्या संमतीचं बघू गणपतीत, सगळे येतातच.